गर्भातील लहान बाळ : वेळीच पारख, वेळीच उपाय

पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस व संत्री पिकविणाऱ्या या मराठीभाषी मुलखात, लगतच्या विदर्भाप्रमाणेच, वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक समज असतो: पोटातील बाळ लहान असले की बाळंतपण सोपे जाते. त्यापायी शेवटच्या महिन्यांत गर्भवती स्त्रीचा आहार कमी केला जातो. हा समज घातक आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांत हाती घेतलेल्या अभ्यासात असे आढळून आले की, पालेभाज्या व फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने अधिक भरली. अतिश्रम करणाऱ्या मातांची कमी भरली.

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे समजतात. काही बाळे मुळातच लहान चणीची, पण सुदृढ असतात. परंतु वारेतून पुरेसे पोषण न मिळाल्याने ज्याची वाढ खुंटली आहे, त्याला कळांचा ताण सोसत नाही. प्रसंगी ते पोटातच दगावते. हा भेद नुसत्या नजरेने कळत नाही.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे साधी मोजपट्टी. शेवटच्या पाळीची तारीख नोंदलेली असावी. २४ आठवड्यांनंतर ओटीच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत जितके सेंटीमीटर, सुमारे तितकेच आठवडे भरलेले असतात. माप तीन सेंटीमीटर वा अधिक मागे पडल्यास, किंवा लागोपाठच्या तपासण्यांत ते न वाढल्यास, सोनोग्राफी अगत्याची ठरते. डॉप्लर तपासणीने नाळेतील रक्तप्रवाह समजतो. तो ठीक असल्यास नियमित तपासणी करीत साधारणतः ३७ ते ३९ आठवड्यांपर्यंत थांबता येते. तो बिघडल्यास प्रसूती लवकर करावी लागते. फार लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, तर फार उशीर जिवावर बेततो. म्हणून असे बाळंतपण नवजात शिशूंच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. गर्भवती भगिनींनी तिचा लाभ घ्यावा, तंबाखू व खर्रा टाळावा आणि पुरेशी विश्रांती घ्यावी. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, तर मात्र ९ तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.