नातलगांना दिलेली मुखत्यारी

बालरोगतज्ज्ञ म्हणजे पाळण्यापाशी वाकलेला वैद्य आणि सार्वजनिक आरोग्याचा अधिकारी म्हणजे कचेरीतला हुकूमदार, अशी जी पक्की वाटणी आपल्या मनात असते, ती डॉ. दिलीप महालनबीस यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. १९३४ साली किशोरगंजला जन्म, १९५८ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजची पदवी, पुढे लंडनच्या बालरुग्णालयातील उमेदवारी आणि परतल्यावर कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सच्या केंद्रात पटकीवरील संशोधन, हा येथवरचा वृत्तान्त कोणाही हुशार डॉक्टराचा असू शकेल.

परंतु १९७१ मध्ये पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे सीमेवरील बनगावात येऊन थडकले, पटकीने थैमान घातले, आणि तेथील इस्पितळाच्या दोन खोल्यांत सोळा खाटा, तर उरलेले रोगी जमिनीवर विष्ठेत व वांतीत इतक्या दाटीने पडलेले, की शिरेतून सलाइन द्यायचे तर डॉक्टराला त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. बाटल्या अपुऱ्या, सलाइन लावण्यास शिकलेली माणसे दोनच. तेव्हा महालनबीसांच्या पुढाकाराने लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाची पूड कलकत्त्यातील केंद्राच्या ग्रंथालयात जोखून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे तापल्या इस्त्रीने बंद करून, ती बनगावास रवाना होऊ लागली. तेथे तोटी लावलेल्या पिंपांत ती कालवावी, आणि आईने, भावाने, जो कोणी उशाशी असेल त्याने पेला भरून न्यावा. लिटरामागे खर्च सुमारे अकरा पैसे.

ग्लुकोजच्या संगतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे शास्त्र नवे नव्हते. ढाक्यास व कलकत्त्यास त्याचे प्रयोगही झाले होते, मात्र ते डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मोजमापाच्या कडक शिस्तीत. अडाणी नातलगाच्या हाती हे औषध सोपविण्याची छाती मात्र कोणाची झाली नव्हती. छावणीत पूर्वी शेकडा तीसच्या आसपास असलेली मृत्युसंख्या बनगावच्या या उपचारकेंद्रात ३.६ वर आली.

नाइलाजाने केलेली युक्ती नाइलाज संपताच विसरली जाते, हा आपल्या खात्यांचा शिरस्ता आहे. महालनबीसांचे खरे कर्तृत्व मला येथे दिसते, की त्यांनी ती युक्ती विसरू दिली नाही. नियतकालिकांनी आधी परत पाठविलेला त्यांचा निबंध १९७३ मध्ये छापला गेला. छावणी प्रत्यक्ष पाहून गेलेले जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ या उपायाचे खंदे पुरस्कर्ते झाले. आणि १९७८ मध्ये, संघटनेने अतिसार-नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला त्याच साली, ‘लॅन्सेट’ने या उपायाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या वैद्यकीय प्रगतीत केली. स्वतः महालनबीस १९७५ ते १९७९ या काळात अफगाणिस्तान, इजिप्त व येमेन येथे पटकीनियंत्रणात होते. नंतर संघटनेच्या अतिसार-कार्यक्रमात आणि पुढे ढाक्याच्या संशोधनसंस्थेत अधिकारपदावर. शहाण्यासुरत्या डॉक्टरांस सलाइनच्या बाटलीचा मोह सोडावयास लावणे, हे निरक्षर मातेस पेला भरावयास शिकविण्याहून किती अवघड, याचा अनुभव या कामात कोणास आला नसेल!

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कलकत्त्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थला एक कोटी रुपये दिले. २००२ चे पोलिन पारितोषिक त्यांना इतर तिघांसमवेत मिळाले होते. स्वदेशाचे पद्मविभूषण मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, २०२३ च्या यादीत जाहीर झाले.