४१ रुपये ३० पैशांचे लेबल

अहिल्यानगरच्या मुख्य टपाल कचेरीत स्पीड पोस्टाचे पाकीट दिले की काउंटरवरच्या प्रिंटरमधून एक पांढरे लेबल निघते आणि पाकिटावर चिकटते. त्यावर चित्र नाही, त्याला दातेरी कडाही नाहीत. त्यामुळे तिकीटसंग्राहक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि पाकीट फोडले की ते कचऱ्यात जाते. पण एखाद्या जिल्ह्याचे टपाल जमवायचे असेल, तर रंगीत तिकिटापेक्षा हे लेबल जास्त कामाचे आहे. नाशिकच्या छापखान्यातले तिकीट नगरला विकले काय आणि नागपूरला विकले काय, सारखेच. गावाची खूण उमटवायची ती शिक्क्याने, आणि आपल्याकडे शिक्का कसा उठतो हे सांगायला नको.

लेबल मात्र बोलके असते. कचेरीचे नाव, पिनकोड, काउंटर, तारीख, वेळ, वजन, रक्कम, सगळे त्यावर छापलेले असते. नुसती रक्कमही बरेच सांगून जाते. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाचा स्थानिक हद्दीबाहेरचा दर ३५ रुपये होता, त्यावर १८ टक्के जीएसटी ६ रुपये ३० पैसे. हा दर ऑक्टोबर २०१२ ते सप्टेंबर २०२५ चालला आणि जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला. म्हणजे तारीख पुसलेल्या लेबलावर ४१.३० दिसले, तर ते या आठ वर्षांतले. बारकोडखालचा क्रमांक तर स्वतःची चूक स्वतः पकडतो. ‘ईएम’नंतरच्या नऊ अंकांपैकी शेवटचा तपासणीचा असतो. पहिल्या आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. ४७३१२४८२ ची बेरीज २०० येते, बाकी २, म्हणून नववा अंक ९. (उत्तर १० आले तर ०, ११ आले तर ५ धरतात.) अर्धवट फाटलेल्या लेबलावरचा एखादा अंक यावरून बहुतेक वेळा परत मिळवता येतो.

या जिल्ह्यात तर हा छंद आणखी रंगतो. नगर शहर ४१४००१, श्रीरामपूर ४१३७०९, संगमनेर ४२२६०५, शिर्डी ४२३१०९; एकाच जिल्ह्यात पिनकोडचे पहिले तीन अंक चार तऱ्हेचे. त्यात २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सरकारी कागदावर नाव एका दिवसात बदलते. कोणत्या काउंटरने नवे नाव कधी छापले, याचा पुरावा लेबलांशिवाय दुसरीकडे सापडणे कठीण.

‘ही तर पावती, तिकीट कुठले?’ हा आक्षेप ठरलेला. पण स्वित्झर्लंडने १९७६ मध्ये यंत्रातून छापून मिळणारी लेबले काढली आणि युरोपच्या संग्राहकांनी ती मानाने कॅटलॉगात घेतली. फरक एवढाच, की ती कोरी विकत मिळत. आपले लेबल पाकीट पाठवल्याखेरीज छापलेच जात नाही. मला हा दोष वाटत नाही. हौशी लोकांसाठी मुद्दाम काढलेल्या तिकिटांच्या ढिगाऱ्यापेक्षा खरोखर प्रवास केलेला कागद केव्हाही बरा. देखणेपणात तो मार खातो, हे कबूल.

खरी पंचाईत कागदाची आहे. आजची बहुतेक लेबले थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसते. उष्णतेने कागदावरचा लेप काळा पडतो एवढेच. तोच लेप उन्हाने, उकाड्याने आणि पीव्हीसीच्या पाकिटातल्या रसायनांनी फिका होतो. म्हणजे तिकिटे जपायला घेतलेला स्वस्त प्लॅस्टिकचा अल्बम लेबलाचा काळ ठरतो. तिकीट पाण्यात भिजवून सोडवायची जुनी रीतही इथे चालत नाही. अख्खे पाकीट ठेवावे, आम्लविरहित कागदात, अंधारात, आणि मिळाल्याच दिवशी स्कॅन करावे. वकिलांच्या कचेऱ्या आणि पतसंस्था अशी पाकिटे रद्दीत घालतात. मागितली तर मिळतीलही. पण त्यांवर दोन्हीकडच्या माणसांची नावे असतात, कधी मोबाइल क्रमांकही. त्यामुळे स्कॅन दुसऱ्याला दाखवण्याआधी नाव आणि क्रमांक झाकायचे, पिनकोड तेवढा उघडा ठेवायचा. बारकोडही झाकलेला बरा, कारण त्याच्या क्रमांकावरून पाकिटाचा माग काढता येतो.