बांधावरचं तोतया केशर

पौष-माघात जालना जिल्ह्यातल्या एखाद्या काळ्या रानात उभे राहा. ज्वारीच्या कडेनं करडईचे काटेरी पट्टे दिसतील. गुरं आत शिरू नयेत म्हणून लावलेलं हे राखणदार पीक. पण त्याच्या बोंडांवरच्या शेंदरी पाकळ्या पाहिल्यात? त्याच वाळवून जगभरच्या बाजारांत शतकानुशतकं केशर म्हणून खपवल्या गेल्या. तोतया खराच, पण केवढा गुणी तोतया!

आधी अस्सल केशर पाहू. एका फुलात केशराच्या काड्या फक्त 3. किलोभर सुक्या केशरासाठी सुमारे दीड लाख फुलं खुडावी लागतात. आणि या झाडाला बी धरतच नाही! त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे 3 संच असतात; त्यांची बरोबर निम्मी वाटणी होत नाही, म्हणून बीजधारणा फसते. काश्मीरमधल्या पाम्पोरच्या शेतात उमलणारं प्रत्येक फूल माणसानं लावलेल्या कंदातूनच येतं.

केशराचा रंगही अजब. तो देणारं क्रोसिन हे गाजराच्या रंगद्रव्याचं भावंड; पण गाजराचा रंग तेलात उतरतो आणि हे चक्क पाण्यात विरघळतं. कसं? कावडीच्या दोन्ही टोकांना हंडे असावेत तसे क्रोसिनच्या दोन टोकांना साखरेचे रेणू जोडलेले असतात. साखरेला पाणी प्रिय, तीच रंगाला ओढून नेते. सुगंधाची कथा तर उलटीच: ताज्या काडीत असतं कडू पिक्रोक्रोसिन. वाळताना ते मोडतं आणि त्यातून जन्मतो सुवासिक सॅफ्रनाल.

हेच रेणू मनापर्यंत पोचत असतील का? सौम्य ते मध्यम नैराश्याच्या रुग्णांना रोज 30 मिलिग्रॅम केशर देऊन चाचण्या झाल्या, बऱ्याचशा इराणमध्ये. खोट्या गोळीपेक्षा केशर सरस ठरलं. 30 मिलिग्रॅम म्हणजे किती? जेमतेम 14 काड्या, पाचेक फुलांचा ऐवज! मात्र या चाचण्या लहान होत्या. त्यांच्या भरवशावर चालू औषध सोडायचं नाही.

आता पुन्हा बांधावर येऊ. करडईची वाळकी काडी कोमट पाण्यात टाका. ती फुगते आणि तिची बारीक नळी व टोकाच्या 5 पाकळ्या उलगडतात. केशराची काडी म्हणजे फुलाचा एक अवयव. करडईची काडी म्हणजे अख्खं फूल! बोंडावर अशी कितीतरी फुलं दाटीनं बसलेली असतात. ती उमलतात पिवळी आणि कोमेजताना लाल होतात, कारण त्यांतल्या पिवळसर द्रव्याचं ऑक्सिडीकरण होऊन लालभडक कार्थामिन बनतं. कोमेजताना फूल फिकं पडायचं, की असं रंगायचं?

पाकळीतला पिवळा रंग पाण्यात धुऊन जातो, लाल मात्र हटत नाही. मग रंगारी राखेच्या क्षारपाण्यात तो सोडवत आणि आंबट रस घालून कापडावर बसवत. प्राचीन इजिप्तमध्येही करडईनं कापड रंगवलं जाई. जपानमध्ये याच लालीपासून ओठांना लावायचा रंग बनवत. त्याचा जाड थर वाळला की हिरवट-सोनेरी चमकतो. लाल रंग हिरवा चमकतो, म्हणजे पाहा!

चिनी वैद्यकात या पाकळ्या रक्त वाहतं राहावं म्हणून देतात. त्यातलं एक पिवळं द्रव्य रक्तातल्या बिंबिकांचं एकमेकींना चिकटणं कमी करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणूनच रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी पाकळ्यांचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. औषधी मात्रेतल्या केशरालाही गरोदरपणात हाच नियम.

शेतकऱ्यासाठी तर यात दुहेरी लाभ आहे. पाकळ्या सुकल्यावर तोडल्या तर तोवर दाणा धरलेला असतो. पाकळीही मिळते आणि तेलही. अडचण काट्यांची. त्यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण काढला आहे.

तेव्हा केशर घेताना 2 काड्या कोमट पाण्यात टाकून बघा. टोकाशी कर्ण्यासारखी फुललेली काडी निघाली तर केशर, 5 पाकळ्यांची नळी निघाली तर करडई. आणि करडईच्या पाकळ्या हव्या असतील, तर करडई म्हणूनच मागा. तिला केशराचं नाव उसनं घ्यायची गरज नाही.