हौदातील पाणी व गिलाव्याचा हिशेब

कर्जत व खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात पाणी विपुल पडते. परंतु ते उल्हास व पाताळगंगा या नद्यांवाटे लवकरच समुद्रास मिळते. भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो. या वालास किंवा भाजीपाल्यास पुढे एखादे पाणी द्यावयाचे असेल, तर साठा हवा. त्यासाठी पक्का हौद बांधण्यापूर्वी दोन गोष्टींचा हिशेब करावा : पाणी किती मावेल व गिलावा किती लागेल. पहिली गोष्ट घनफळावरून कळते, दुसरी पृष्ठफळावरून.

घनफळ : उभ्या भिंतींच्या चौकोनी हौदाची लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार म्हणजे त्याचे घनफळ होय. सर्व मापे आतून व मीटरमध्ये घ्यावीत. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व १.५ मीटर खोल हौदाचे घनफळ १८ घनमीटर भरते. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून त्यात १८,००० लिटर पाणी मावेल. १ गुंठ्यास १ सेंटिमीटर उंचीचे पाणी देण्यास सुमारे १,००० लिटर लागतात. अर्थात हा हौद ६ गुंठ्यांस ३ सेंटिमीटर पाणी एकदा पुरवील.

पृष्ठफळ : तळ १२, दोन लांब भिंती मिळून १२ व दोन आखूड भिंती मिळून ९, असे एकूण ३३ चौरस मीटर होतात. हौद वरून उघडा असल्याने वरची बाजू धरू नये.

आता ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व १ मीटर खोल हौद पाहावा. घनफळ तेवढेच, १८ घनमीटर. परंतु गिलावा ३६ चौरस मीटर लागतो. शिवाय उघडे पाणी १२ ऐवजी १८ चौरस मीटर राहते. दररोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरल्यास पहिल्या हौदातून ६० लिटर, तर दुसऱ्यातून ९० लिटर जाईल. ६० दिवसांत हा फरक १,८०० लिटर, म्हणजे साठ्याचा दहावा हिस्सा होतो.

मात्र खोली वाढली की भिंतीवरील दाबही वाढतो. यास्तव भिंतीची जाडी जाणकाराच्या सल्ल्याने ठरवावी व मुले-गुरे पडू नयेत म्हणून कुंपण घालावे. उतरत्या बाजूंच्या शेततळ्यास वरील रीत लावू नये; काठावरची लांबी-रुंदी धरल्यास साठा प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो.