काळी दारू, दमट हवा आणि नमद्याची पुसणी

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत जिला ‘भरमार’ आणि कोकणात ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात, ती बंदूक नळीच्या तोंडाकडून भरली जाते. नळीत आधी दारू, तिच्यावर बोळा आणि मग छर्रे किंवा गोळी असे एकेक गजाने ठासले जाते. घोडा नळीच्या बुडाशी बसवलेल्या छोट्या स्फोटक टोपीवर पडला की टोपीतली ठिणगी आत शिरून दारू पेटते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि रानडुक्कर व नीलगाय यांनी शेत उद्ध्वस्त करण्याचे प्रकार जंगलकाठच्या गावांना नवे नसल्याने या तरतुदीमागचे कारण समजण्यासारखे आहे. दुसरीकडे, गडचिरोली पोलिसांनी जप्त केलेल्या किंवा गावकऱ्यांनी आपणहून जमा केलेल्या शस्त्रांच्या बातम्यांत बिनपरवाना भरमारचा उल्लेख वारंवार येतो. या बंदुकीविषयी जे काही छापले जाते ते बहुतेक कायदा, शिकार किंवा हिंसाचार यांच्या अंगाने. तिची नळी साफ कशी राहते आणि नळी पुसायची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पुसणी पुन्हा पुन्हा कशी वापरता येते हा प्रश्न मात्र तिच्या सुरक्षिततेशी थेट निगडित असूनही सहसा कोणी विचारात घेत नाही.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. आधुनिक काडतुसांतील धूरविरहित दारू जळताना जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होते. काळ्या दारूचे तसे नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी 1870 च्या दशकात बंद पात्रात दारू जाळून तिच्या अवशेषांचे मोजमाप केले, तेव्हा वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो असे दिसून आले. त्यातला काही भाग पांढऱ्या धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतो. या काळ्या थराला सर्रास काजळी म्हटले जाते, पण तो कोळशाचा कमी आणि क्षारांचा अधिक असतो. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फाइड हे त्यातले मुख्य क्षार आहेत, आणि ते सगळे पाण्यात विरघळतात.

पोटॅशियम कार्बोनेट हवेतील आर्द्रता 43 टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःहून पाणी ओढून घेऊन पाझरू लागते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा न पुसलेली नळी काही दिवस फारशी बिघडत नाही. परंतु ज्या गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे आणि जिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जून ते सप्टेंबर या काळात हवा क्वचितच तितकी कोरडी होते, त्यामुळे नळीच्या आत सदैव एक ओला, खारट थर राहतो. त्यात टोपीची भर पडते, कारण जुन्या पद्धतीच्या अनेक टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते, ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते, आणि क्लोराइड हा लोखंडाचा जुना वैरी आहे. यातून चढणारा गंज नळीच्या बुडाशी, म्हणजे स्फोटाचा दाब जिथे सर्वाधिक असतो नेमक्या त्याच ठिकाणी, खड्डे पाडत जातो.

या काळ्या थराने हिंदुस्थानच्या इतिहासातही आपली भूमिका बजावलेली आहे. एनफिल्डच्या 1853 च्या नमुन्याच्या रायफलीची नळी .577 इंच, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर व्यासाची होती आणि तिच्या आत गोळीला फिरकी देणारे तीन मळसूत्री चर होते. चरांत क्षारांचा थर साचला की पुढची गोळी आत जाईना, म्हणून काडतुसाला चरबी लावली जाई, जी गोळी सहज उतरवीत असे आणि थर मऊ ठेवीत असे. ज्या चरबीवरून 1857 मध्ये शिपायांचा असंतोष पेटला, ती काडतुसावर आली होती ती या तांत्रिक अडचणीपोटी. राजकीय आणि आर्थिक कारणे अर्थातच त्याहून खोल होती. पुढच्याच वर्षी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यात ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. धूरविरहित दारू फ्रान्समध्ये 1884 मध्ये तयार झाली, हे लक्षात घेतले तर त्या उठावात दोन्ही बाजूंनी झाडलेली प्रत्येक बंदूक काळ्या दारूवरच चालणारी होती आणि लढाई संपल्यावर प्रत्येक नळी कोणाला तरी पाण्याने धुवावीच लागली असणार.

नळी पुसण्यासाठी सुती चिंधी सर्वांत जुनी आणि स्वस्त आहे, पण चर असलेल्या नळीत ती उंचवट्यांवरून सरकते आणि खोलगट भाग तसाच सोडते. ही उणीव नमदा भरून काढतो. नमदा म्हणजे न विणता, ओलावा, उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून केलेले जाड कापड, ज्याला बाजारात फेल्ट म्हणतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि त्यामुळे दाबला तरी पुन्हा फुगणारा, कापला तरी कडा न उसवणारा गोळा तयार होतो. नळीपेक्षा किंचित मोठ्या व्यासाची अशी गोल चकती गजाच्या टोकावरील स्क्रूत अडकवून आत ढकलली की ती चरांच्या आकारानुसार दबत जाते. जर्मनीतील गींगेन या गावी अशा पुसण्या कारखान्यात तयार होतात; त्याच गावात मार्गारेट श्टाइफ यांनी 1880 मध्ये टाचण्या टोचून ठेवण्यासाठी नमद्याचा छोटा हत्ती शिवला होता आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध खेळण्यांचा उद्योग उभा राहिला. भरमारची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते, तिच्यात चर नसतात, त्यामुळे तिला चिंधीही चालून जाते. रायफलीला मात्र नमद्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

एकदा वापरलेली पुसणी टाकून द्यावी की धुवावी, याचे उत्तर ती कशात भिजली आहे यावर अवलंबून आहे. क्षारांनी भिजलेली पुसणी तशीच वाळवून ठेवणे सर्वांत वाईट. लोकर केरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते आणि त्या प्रथिनाला ताकद देणारे गंधकाचे बंध सल्फाइडमुळे तुटतात. चामड्याच्या कारखान्यांत कातड्यावरचे केस सोडवण्यासाठी सल्फाइडच वापरले जाते, यावरून त्याचा गुण ध्यानात यावा. कार्बोनेटचा अल्कधर्म त्या ऱ्हासाला हातभार लावतो. म्हणजे जो थर लोखंड खातो तोच, जरा सावकाश, पुसणीही खातो.

त्यामुळे वापर संपताच पुसणी कोमट पाण्यात बुडवावी. त्या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो सल्फाइडचा. पाणी काळे आणि बोटांना बुळबुळीत लागते, ते अल्कलीमुळे. पाणी दोन-तीनदा बदलल्यावर रिठ्याच्या फेसात पुसणी हलक्या हाताने दाबून धुवावी. धुण्याचा सोडा किंवा कपड्याचा साबण येथे कामाचा नाही, कारण दोन्ही अल्कधर्मीच असतात. रिठा लोकरीला मानवतो. उकळते पाणीही टाळावे. नळीच्या आत गरम पाणी उत्तम, कारण तापलेले लोखंड आपोआप कोरडे होते, पण लोकर गरम पाण्यात चोळली की खवले आणखी घट्ट गुंततात, चकती आकसून कडक होते आणि मग ती चरांच्या तळाला पोहोचतच नाही. पिळण्याऐवजी दोन फडक्यांत दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावे.

क्षार पूर्ण गेले की नाही हे ओळखायला घरातली हळद पुरेशी आहे. पातळ कालवलेली हळद पांढऱ्या कागदावर लावून वाळवावी आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा थेंब तिच्यावर टाकावा. चुना मिळाला की हळद लाल होते, त्याचप्रमाणे अल्कली शिल्लक असेल तर थेंबाखालचा पिवळा रंग तांबूस पडतो, आणि मग आणखी एकदा धुणे आले. थेंब पिवळाच राहिला तर पुसणी पुन्हा वापरायला योग्य.

धुतलेल्या पुसण्यांत दर्जा लावणे शहाणपणाचे ठरते. कोऱ्या पुसणीने फक्त शेवटचा तेलाचा हात द्यावा, तीच पुढे कोरडे पुसण्यासाठी आणि अखेरीस पहिल्या ओल्या, घाणेरड्या फेरीसाठी उतरवावी. उलट क्रमाने गेल्यास क्षार तेलात मिसळून नळीच्या सर्वांगाला लागतात. खनिज तेलात क्षार विरघळत नाहीत, म्हणून धुण्याआधी तेल लावणे म्हणजे घाणीवर झाकण घालणे. पूर्व विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल तर या कामाला मुळीच नको: ते हवेत वाळून डिंकासारखे होते, आणि त्यात भिजलेली लोकर किंवा चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वाळलेल्या पुसण्यांना कसर लागते, यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात एखादी डांबरगोळी हवी. तंतू गळू लागले, स्क्रूचे भोक सैल झाले किंवा गाभा कडक झाला की पुसणीला रजा द्यावी. आत अडकलेली पुसणी दारूने उडवून काढण्याचा प्रयत्न नळी फाडण्यास पुरेसा आहे. ती मागून पाणी सोडून, भिजवून, गजाच्या पेचाने ओढून काढावी लागते. शिशाच्या गोळ्या वापरल्या असतील तर धुण्याचे पाणी शिशाने दूषित होते, म्हणून ते विहीर, बोडी (छोटे तळे) आणि स्वयंपाकाची भांडी यांपासून दूर ठेवावे.

या साऱ्या खटाटोपाआधी एक गोष्ट मात्र अनिवार्य आहे. तोंडाकडून भरलेली बंदूक बाहेरून पाहून रिकामी की भरलेली ते कळत नाही. गज नळीत पूर्ण आत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी धरून, लावून त्याचे टोक बुडाशी पोहोचते का ते पाहावे. बोटभर जरी कमी पडले तरी आत काहीतरी आहे असे समजावे आणि बंदूक परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. घराच्या माळ्यावर आजोबांच्या काळची भरमार सापडली आणि तिचा परवाना नसेल, तर ती पुसायच्या भानगडीत पडू नये. हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ती जमा करावी; परवाना नसलेली बंदूक कितीही स्वच्छ असली तरी ती बाळगणे गुन्हाच आहे.