घोड्याच्या पोटातला बाजार
(लेखमाला : जंतू आणि आपण, लेखांक 9)

गेल्या आठवड्यात कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनचा विषय निघाला होता. केंद्र सरकारने 2019 साली खाण्यासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी या अँटिबायोटिकवर बंदी घातली. घोडा काही आपल्या ताटात येत नाही, त्यामुळे अशा चर्चेतही तो येत नाही. आपल्या महागाव तालुक्यात तो दिसतो तो लग्नसराईत, नवरदेवाला पाठीवर घेऊन. पण मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जाऊन बघा. दूरदूरचे घोडे तिथे एकत्र येतात, एकाच मैदानात लीद टाकतात. सौदा माणसांचा होतो. जंतूंचाही होत असणार.

गाय-बैल रवंथ करतात, त्यांचा चारा आधी पोटात आंबतो. घोड्याचं उलटं. लहान आतडं ओलांडल्यावर सीकम नावाची, दोन घागरी पाणी मावेल एवढी पिशवी लागते. कडबा-गवताचा चोथा तिथे आणि पुढच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू आंबवतात. घोडा जगतो तो बराचसा या जंतूंच्या जिवावर. म्हणूनच अँटिबायोटिक त्याला जपून द्यावं लागतं. लिंकोमायसिनसारखं औषध पोटात गेलं, तर आतले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जोराची हगवण लागून धडधाकट घोडाही दगावू शकतो.

त्यातून तगतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. ते नुसते तगत नाहीत, आपली युक्ती शेजाऱ्यालाही देतात. हे लक्षात आलं जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांशाचे असे रुग्ण सापडू लागले, ज्यांच्यातले जंतू एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद देत नव्हते. 1959 च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की हा गुण आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे थेट जातो. दोन जंतू एकमेकांना चिकटतात आणि डीएनएचं एक छोटं वर्तुळ, म्हणजे प्लाझ्मिड, या पेशीतून त्या पेशीत उतरतं. एकाच वर्तुळावर अनेक औषधांचा तोडगा असू शकतो. ज्या घोड्याला आयुष्यात एक सुई टोचलेली नाही, त्याच्या लिदीतही असे जंतू सापडू शकतात, ते यामुळे. ब्रिटनमधल्या अभ्यासांत घोड्यांच्या दवाखान्यात दाखल झालेल्या जनावरांच्या लिदीत असे ई. कोलाय जास्त आढळले.

हे तपासतात कसं? बशीत जेलीसारखं खाद्य ओतून त्यावर जंतूंचा पातळ थर पसरतात आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. रात्रभर उबेत राहिली, की बशी धुरकट होते. ज्या टिकलीभोवती पुरेसा मोठा स्वच्छ गोल उरतो, ते औषध चालतं. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. जिथे धुरकटपणा थेट टिकलीला भिडतो, तिथे कितीही महागडी बाटली आणली तरी पैसे पाण्यात.

लीद शेवटी उकिरड्यावर आणि तिथून शेतात जाते. नीट कुजून आतून तापलेल्या खतात बरेच जंतू मरतात. कच्ची लीद मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकणं मात्र टाळावं आणि तबेला झाडणाऱ्याने जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

राहता राहिली आपली सवय. घोडा लोळू लागला, वळून वळून कुशीकडे बघू लागला, की 'पेनिसिलिन टोचा' म्हणणारे चार जण लगेच जमतात. हा शूळ बहुतेक वेळा गॅसचा, चंदीतल्या बदलाचा किंवा आतडं तुंबल्याचा असतो. त्यावर पेनिसिलिन काही करत नाही आणि आतड्याला पीळ पडला असेल, तर या खटाटोपात गेलेला तासच घोड्याच्या जिवावर बेततो. जखम चिघळली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना आधी पुवाचा नमुना घ्यायला सांगा, सुई नंतर. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा जंतू वाढतच नाहीत, मग बशीवर मोजायला काही उरत नाही.