सांडशीसारखा दिसणारा गोळीचा साचा

मांजर्लीतल्या माझ्या कपाटात एक गंजकी पक्कड आहे. पाहुणे तिला अडकित्ता समजतात. खरं तर तो ठासणीच्या बंदुकीचा गोळी ओतायचा साचा! दोन जबड्यांत अर्धा-अर्धा गोल खळगा, वर शिसं ओतायला भोक. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून चुलीवरही काम भागायचं. गोळीला राहिलेलं शेपूट कापायला काही साच्यांच्या दांड्यांतच कात्री असते.

जुन्या इंग्रजी साच्यावर '१६' असा आकडा दिसला तर ते मिलिमीटर नव्हेत. एक पौंड (४५४ ग्रॅम) शिशाच्या सारख्या १६ गोळ्या, म्हणजे १६ बोअर. एक गोळी साधारण २८ ग्रॅमची. 'बारा बोअर'चा हिशेबही हाच. म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते.

पुढे पितळी काडतुसं आली. (काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला.) रिकामं काडतूस पुन्हा भरायची हातयंत्रं निघाली आणि घरचे साचे अडगळीत गेले. काडतुसांचा कारखाना खडकीला १८६९ पासून आहे. मांजर्लीशेजारच्या अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी तर आम्हाला रोजची.

जुन्या बाजारात असा साचा किंवा यंत्र दिसलं तर हुरळून पैसे मोजू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रंही येतात, तेव्हा आधी परवाना शाखेत विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही पाहा. आणि गंज घासून चकचकीत करू नका, आकडा पुसला जातो!